साठ म्हणजे नेमके किती?

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत, दोन अहवाल शेजारी शेजारी पडले होते. एक बेअरिंगच्या पोलादी कड्याचा, दुसरा गाडीच्या सस्पेन्शनमध्ये बसणाऱ्या रबरी बुशाचा. दोन्ही कागदांवर 'हार्डनेस'च्या रकान्यात एकच आकडा होता: ६०. दोन्ही जॉब टेबलावरच होते. मी कडं उचलून नखाने वाजवलं, ते किणकिणलं. बुश अंगठ्याने दाबला, तर तो मुकाट्याने आत गेला आणि अंगठा उचलताच पुन्हा होता तसा झाला. या दोघांची हार्डनेस सारखी?

तपासनीस हसले. "सर, नुसता आकडा काय बघताय? त्याच्या शेजारची अक्षरं बघा." कड्याच्या साठाशेजारी 'एचआरसी' होतं, बुशाच्या साठाशेजारी 'शोअर ए'. मग त्यांनी खणातून पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाइपाचा एक जाड तुकडा काढला. "हा घ्या तिसरा साठ. हा शोअर डी."

तीन वस्तू, तीन साठ. पहिली काचेवर ओरखडा काढेल, दुसरी खोडरबराची जवळची नातलग, तिसरी दोघींच्या मध्ये कुठेतरी. किलो कापसाचा असो की लोखंडाचा, किलोच असतो. कठीणपणाचं तसं नाही. हा आकडा वस्तूच्या पोटात आधीपासून लिहिलेला नसतो. आपण वस्तूला एक ठराविक प्रश्न विचारतो आणि ती उत्तर देते. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. हे प्रश्न कुणी शोधले, कसे शोधले आणि एकाचा प्रश्न दुसऱ्याला का चालला नाही, ही गोष्ट त्या तीन साठांपेक्षाही चमत्कारिक आहे.

हाताची भाषा

आपल्या भाषेला हे यंत्रांच्या आधीपासून ठाऊक असावं. मराठीत 'मऊ'च्या विरुद्ध एकच शब्द नाही. शिळा पाव कडक होतो, जून भेंडी निबर होते, सुपारी टणक असते, चामडं चिवट असतं, चिक्की ठिसूळ असते. या प्रत्येक शब्दामागे हाताची एक वेगळी हालचाल आहे. निबर ठरवायला भेंडीचं टोक मोडून पाहावं लागतं, टणक ठरवायला दात लावावा लागतो, आंबा पिकला का हे कळायला अंगठा लागतो. (आणि आंबेवाल्याची बोलणी खावी लागतात, ती वेगळीच.) मोडणं, चावणं, दाबणं, खरवडणं, आपटणं: विज्ञानाने नंतर जे केलं ते एवढंच की या हालचालींमधला हात काढून घेतला आणि तिथे ठराविक वजन, ठराविक टोक आणि ठराविक वेळ बसवली.

सगळ्यांत जुनी हालचाल खरवडण्याची. सोनाराची कसोटी सांगते सोन्याचा कस, पण तिला ते सांगता येतं याचं कारण तो काळा दगड सोन्याहून कठीण असतो. सोनं त्यावर झिजतं, म्हणून रेघ उमटते. १८१२ साली खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी या खरवडण्याला शिस्त लावली. दहा खनिजं निवडून एका रांगेत उभी केली. तळाला शंखजिरं, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, मग गारगोटी, पुष्कराज, कुरुंद आणि दहाव्या जागी हिरा. वरचा खालच्यावर ओरखडा काढतो, खालचा वरच्यावर काढू शकत नाही. नियम संपला. आपलं नख दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये बसतं, खिडकीची काच साडेपाचाच्या आसपास.

पण ही रांग म्हणजे वर्गातले नंबर आहेत, गुण नव्हेत. पहिला आलेला मुलगा दुसऱ्याच्या किती पुढे होता हे नंबरावरून कळत नाही. कुरुंद नववा आणि हिरा दहावा, म्हणजे हाकेच्या अंतरावर वाटतात. प्रत्यक्षात दाबून मोजलं तर हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण निघतो.

कारखान्यात हीच खरवडण्याची कसोटी वेगळ्या हत्याराने चालते. भट्टीतून काढून तेलात बुडवलेला जॉब पुरेसा कडक झाला का, हे बघायला जुना कारागीर यंत्राकडे जात नाही, कानस उचलतो. कानस धातूला चावली, कीस पडला, तर काम फसलं. काचेवरून गेल्यासारखी घसरली, तर जमलं. कानस स्वतः अतिशय कडक पोलादाची असते, त्यामुळे ती ज्याच्यावरून घसरते तो जवळपास तिच्याच तोलाचा. ही कसोटी हो किंवा नाही सांगते, फार तर 'थोडं कमी' सांगते. मोटारीच्या युगाला मात्र आकडा हवा होता.

खड्डा उरतो तेव्हा

तो आकडा पहिल्यांदा नीट दिला स्वीडनच्या योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी, १९०० साली. ते फागेर्स्टाच्या पोलाद कारखान्यात अभियंता होते. त्यांची युक्ती ऐकायला पोरखेळ वाटते. १० मिलिमीटर व्यासाची कडक गोळी घ्यायची, ती धातूच्या पृष्ठभागावर ३,००० किलो भाराने दाबायची, काही सेकंद थांबायचं, भार काढायचा. धातूत एक गोल, उथळ वाटी उरते. भिंगातून तिचा व्यास मोजायचा आणि भाराला वाटीच्या पृष्ठफळाने भागायचं. वाटी ४ मिलिमीटरची पडली तर ब्रिनेल आकडा येतो २२९. ती ३ मिलिमीटरची पडली तर ४१५. वाटी लहान, आकडा मोठा.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत गेलात तर आजही हीच वाटी दिसेल. बिडाच्या कास्टिंगवर एका कोपऱ्यात घासून चकचकीत केलेला ठिपका आणि त्यात मधोमध बसलेली गोल वाटी. यंत्रं आता कितीतरी नाजूक मिळतात, मग बिडाला एवढी ढोबळ गोळी का? कारण बीड एकजिनसी नसतं. पोलादासारख्या धातूत ग्राफाइटच्या मऊ पाकळ्या विखुरलेल्या असतात. बारीक टोक लावलं तर ते कधी पाकळीवर पडेल, कधी धातूवर, आणि दर वेळी वेगळं उत्तर येईल. १० मिलिमीटरची गोळी एकाच वेळी दोघांवर बसते आणि सरासरी सांगते. भाताची परीक्षा शितावरून होते हे खरं, पण खिचडीची होत नाही; तिथे घासच घ्यावा लागतो. (या यंत्रांसाठी फार लांब जावं लागत नाही हेही सांगायला हवं. इचलकरंजी-जयसिंगपूरच्या पट्ट्यात कठीणपणा मोजण्याची यंत्रं वर्षानुवर्षं बनत आली आहेत.)

ब्रिनेल यांच्या पद्धतीला दोन खोडी होत्या. वाटी मोजायला वेळ लागे. आणि जॉब फारच कडक असला तर गोळीच चपटी व्हायची. दाबणाराच दबला तर माप कशाचं घ्यायचं?

पहिली खोड अमेरिकेत सुटली. कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल गावी बेअरिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांना बेअरिंगची कडी झटपट तपासायची होती. त्यांनी १९१४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९१९ मध्ये मिळालं. त्यांनी वाटीचा व्यास सोडून दिला आणि खोली धरली. आधी १० किलोचा हलका भार देऊन टोक नीट टेकवायचं आणि तिथे शून्य धरायचं. मग भार १५० किलोपर्यंत न्यायचा, पुन्हा १० वर आणायचा, आणि टोक आधीपेक्षा किती खोल राहिलं ते डायलवर सरळ वाचायचं. कडक पोलादासाठीच्या 'सी' पट्टीत टोक म्हणून १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू असतो. इथे २ मायक्रॉन खोलीला १ अंक, आणि शंभरातून वजाबाकी.

आता पहिला साठ उलगडतो. एचआरसी ६० म्हणजे शंभराला ४० अंक कमी. ४० गुणिले २ मायक्रॉन, म्हणजे ०.०८ मिलिमीटर. दीडशे किलो वजन हिऱ्याच्या टोकावर उभं केलं, आणि ते कड्यात जेमतेम एका केसाच्या जाडीइतकं रुतून राहिलं.

हिऱ्याची पावलं

दुसरी खोड, दाबणाराच दबण्याची, सुटली ती इंग्लंडमध्ये. १९२१ च्या सुमारास व्हिकर्स कंपनीतल्या रॉबर्ट स्मिथ आणि जॉर्ज सँडलँड यांनी हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड करून तो दाबायला घेतला. पिरॅमिडच्या समोरासमोरच्या बाजूंमधला कोन ठरवला १३६ अंश. तो मनाला येईल तसा निवडलेला नव्हता. ब्रिनेलची गोळी चांगल्या चाचणीत जेवढी रुतते, तिथे तिच्या कडांना स्पर्शरेषा काढल्या तर त्यांच्यातला कोन तेवढाच भरतो. नव्या प्रश्नाची उत्तरं जुन्या उत्तरांशी जुळावीत म्हणून केलेली ती सोय होती.

पिरॅमिडची खरी गंमत वेगळीच. तो थोडा रुतो की खूप, त्याचा ठसा आकाराने सारखाच राहतो, फक्त लहान-मोठा होतो. त्यामुळे भार काही ग्रॅम ठेवा की काही किलो, आकडा जवळपास तोच येतो. आणि भार ग्रॅमवर आणता आला की ठसा इतका बारीक करता येतो की पोलादाच्या एकेका कणाला स्वतंत्र प्रश्न विचारता येतो.

हे एकदा सूक्ष्मदर्शकातून बघावंच. गाडीच्या गिअरचा दात आडवा कापून, आरशासारखा घासून ठेवलेला असतो. दाताला बाहेरून कर्ब पाजून कडक केलेलं असतं, गाभा मुद्दाम चिवट ठेवलेला असतो. बाहेरून झिजू नये आणि आतून मोडू नये म्हणून. तपासनीस दाताच्या कडेपासून आतल्या दिशेने ठरावीक अंतरावर हिरा टेकवत जातो. भिंगातून चौकोनी पावलांची एक ओळ दिसते. कडेला पावलं इवलीशी. जसजसं आत जावं तसतशी ती मोठी होत जातात, जणू एखादा माणूस खडकावरून निघाला आणि हळूहळू चिखलात शिरला. ज्या पावलाशी आकडा ५५० वर उतरतो, तिथवर कडक सालीची खोली धरतात.

पण धातूत खड्डा पडतो म्हणजे आत घडतं काय? जड सतरंजी ओढून सरकत नाही. मात्र एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की अख्खी सतरंजी अलगद सरकते. धातूतले अणूंचे थरही असेच सरकतात, एकदम नाही, सुरकुती-सुरकुतीने. या सुरकुत्यांची कल्पना १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. धातू कडक करायचा म्हणजे सुरकुतीच्या वाटेत अडथळे पेरायचे. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. त्या क्षणी पोलादातले कर्बाचे अणू बाहेर पडायला वेळ न मिळाल्याने जागच्या जागी अडकतात, आणि सुरकुतीला हलता येत नाही. घटक तेच, वजन तेच, फक्त थंड होण्याचा वेग बदलला, की ज्या पोलादावर कानस सहज चालत होती त्यावरून ती घसरू लागते.

म्हणून हा एवढासा खड्डा फार काही सांगून जातो. केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांनी दाखवून दिलं की धातूच्या खड्ड्यातला दाब हा तो धातू कायमचा वाकायला लागतो त्या ताणाच्या सुमारे तिप्पट असतो. म्हणजे शाफ्टची ताकद कळायला तो तोडावा लागत नाही. कोपऱ्यात एक ठिपका पुरतो.

रबर विसरतं

आता हीच यंत्रं घेऊन रबरी बुशाकडे जा. गोळी दाबा, भार काढा, भिंग लावा. काहीच नाही. वाटी नाही, ठसा नाही. धातू झालेला आघात लक्षात ठेवतो. रबर विसरतं. ज्या खड्ड्यावर ब्रिनेल, रॉकवेल आणि व्हिकर्स यांची सगळी इमारत उभी आहे, तो इथे उरतच नाही.

रबर असं का वागतं, हे घरात बसून अनुभवता येतं. एक जाड रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. तो कोमट लागेल. ताणलेलाच धरून ठेवा, थंड होऊ द्या, मग एकदम सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. आता गार लागेल. स्प्रिंग असं वागत नाही. रबर म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या, शिजवून ताटात ओतलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुरफटलेल्या, आणि गंधकाने मधूनमधून टाके घालून बांधलेल्या. उष्णतेमुळे या साखळ्या सतत वळवळत असतात. गुंता होऊन राहण्याचे मार्ग असंख्य आणि सरळ राहण्याचे मोजके, म्हणून त्या आपोआप गुंत्यातच राहतात. आपण ताणतो किंवा दाबतो तेव्हा त्यांना बळेच एका वळणाला लावतो. हात सोडला की त्यांची वळवळच त्यांना परत आणते. धातू परत येतो तो अणूंमधल्या ओढीने. रबर परत येतं ते गोंधळाच्या ओढीने.

तेव्हा रबराला प्रश्न वेगळा विचारायला हवा. 'दाबल्यावर काय उरलं?' असं नाही, तर 'दाबत असताना किती आत गेलास?' असं. अमेरिकेतल्या आल्बर्ट शोअर यांनी १९२० च्या दशकात हा प्रश्न खिशात मावेल अशा उपकरणात बसवला. त्याचं नाव ड्युरोमीटर. सपाट तळातून एक बोथट पोलादी सुई अडीच मिलिमीटर बाहेर आलेली असते, तिच्यामागे स्प्रिंग. हवेत धरलं तर डायलवर शून्य. काचेवर टेकवलं तर सुई पूर्ण आत ढकलली जाते, काटा शंभरावर. मधलं सगळं रबराचं राज्य: सुई ०.०२५ मिलिमीटर रुतली की एक अंक कमी.

दुसरा साठ आता उलगडतो. शोअर ए ६० म्हणजे सुई रबरात बरोबर १ मिलिमीटर रुतली, आणि त्या वेळी तिच्यामागे स्प्रिंगचा जोर होता जेमतेम अर्धा किलो. तिसरा, शोअर डी, कडक प्लास्टिकसाठी. तिथे सुई टोकदार आणि स्प्रिंग पाचपटीहून अधिक दांडगी. पाइपाच्या तुकड्यातही सुई १ मिलिमीटरच गेली, पण तेवढं जायला अणकुचीदार टोकावर सुमारे पावणेतीन किलोचा जोर लागला. एका साठामागे दीडशे किलो आणि हिरा, दुसऱ्यामागे अर्धा किलो आणि बोथट सुई, तिसऱ्यामागे पावणेतीन किलो आणि टोचणी. तिन्ही साठ खरे आहेत. मात्र त्यांची एकमेकांशी तुलना म्हणजे साठ रुपये, साठ मिनिटं आणि साठ किलोमीटर यांतलं मोठं कोणतं, असा वाद.

एक, तीन की पंधरा सेकंद?

तपासनिसांनी मग मला ड्युरोमीटर हातात दिला. नियम सोपे वाटतात आणि प्रत्येकामागे कारण आहे. नमुना निदान ६ मिलिमीटर जाड हवा, नाहीतर सुईला रबराऐवजी खालचं टेबल लागतं. आंब्याऐवजी कोयीचीच परीक्षा झाल्यासारखं. कडेपासून १२ मिलिमीटर आत टेकवायचं, कारण कडेला रबर बाजूने फुगून निसटतं. खोली २३ अंशांच्या आसपास हवी. आणि दाबल्यावर वाचायचं केव्हा, हे आधीच ठरलेलं हवं.

हा शेवटचा नियम मला आधी उगाच वाटला. मग डायलकडे पाहिलं. टेकवताक्षणी काटा झेपावून वर गेला, क्षणभर थांबला, आणि मग खाली सरकू लागला. घड्याळाच्या तासकाट्यासारखा, सरकताना दिसत नाही पण थोड्या वेळाने बघावं तर दोन-तीन अंक खाली. मी काही हलवलं नव्हतं. आतल्या साखळ्या एकमेकींना वाट करून देत होत्या. म्हणूनच प्रमाणपद्धतींमध्ये वाचण्याचा क्षण लिहून ठेवलेला असतो, कुठे १ सेकंद, कुठे ३, कुठे १५. अहवालावर तो नसेल तर दोन प्रयोगशाळांचं भांडण ठरलेलं.

जिथे स्वतःचं नैसर्गिक एकक नाही, तिथे सगळी भिस्त करारावर असते. म्हणून प्रत्येक यंत्राशेजारी ठाऊक आकड्याचे ठोकळे असतात, आणि त्या ठोकळ्यांचं मूळ शोधत गेलं तर धातूंच्या बाबतीत आपल्या देशात ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशी पोचतं.

जे विचारलंच नाही

याच शोअर यांचं ड्युरोमीटरच्या आधीचं एक उपकरण होतं. हिऱ्याचं टोक लावलेली छोटी हातोडी काचेच्या नळीतून धातूवर सोडायची आणि ती किती उंच उसळते ते बघायचं. कडक पोलाद आघात गिळत नाही, म्हणून हातोडी उंच उडते. मऊ धातूत खड्डा पाडण्यात तिची शक्ती खर्च होते. ही पद्धत पोलादाला उत्तम लागू पडली. पण याच कसोटीला चांगलं उसळणारं रबर बसवा, तेही मोठ्या गुणांनी पास होईल. उसळण्याच्या प्रश्नाला दोघांचं उत्तर सारखं, कारणं मात्र उलट: पोलाद दबत नाही म्हणून, रबर दबून सगळं परत देतं म्हणून.

उत्तर बरोबर आणि तरी अपुरं, हे कधीकधी फार महाग पडतं. २८ जानेवारी १९८६ च्या गोठवणाऱ्या सकाळी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं, सात जण गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीने मंदावली होती. चौकशीच्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला आणि चिमटा सैल केला. रबर परत यायला वेळ लावत होतं. २३ अंशांवरचा हार्डनेसचा आकडा सांगतो, किती दबतोस. थंडीत किती लवकर परत येतोस, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारावा लागतो.

आपल्या घरची ओ-रिंग म्हणजे कुकरची रिंग. शिट्टी व्हायच्या आधीच झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसायला लागली की आई ती काढून बोटांत दुमडून बघते आणि म्हणते, "कडक झालीये, बदल." उष्णता आणि हवा यांनी रबराच्या साखळ्यांत वर्षभर नवे टाके घातलेले असतात. टाके वाढले, वळवळ कमी झाली. गंमत अशी की तिच्यावर साधा ड्युरोमीटर नीट चालणारच नाही. रिंग अरुंद, गोल, सुईला सपाट आधार नाही. अशा वस्तूंसाठी प्रयोगशाळेत स्प्रिंगऐवजी ठराविक वजनाने दाबणारी, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान गोळीची वेगळी पद्धत आहे. आईच्या बोटांना मात्र तिची गरज पडत नाही.

टाके किती घालायचे, यावर रबराचं सगळं नशीब ठरतं. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली चिकात गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली. गंधक थोडं घातलं तर त्याच चिकाचा रबरबँड होतो. तीस टक्क्यांच्या आसपास घातलं तर एबोनाइट होतं, जुन्या फाउंटन पेनांची ती काळी, कडक, चकचकीत दांडी. एक ड्युरोमीटरच्या 'ए' पट्टीच्या तळाशी, दुसरं 'डी' पट्टीच्या वरच्या अंगाला. झाड एकच.

पंधरा

निघताना तपासनिसांना विचारलं, "सगळ्यात मऊ काय मोजलंत?" त्यांनी कपाटातून स्पंजासारख्या रबराची एक पट्टी काढली. "हे. एमसीआर. शोअर ए पंधरा."

एमसीआर म्हणजे बारीक बुडबुड्यांचं रबर. कुष्ठरोगात पायाच्या नसा मरतात, पायाला काही कळेनासं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की या रुग्णांचे पाय रोगाने सडत नाहीत. वेदना नसल्यामुळे माणूस खड्यावर, खिळ्यावर, जखमेवर चालत राहतो, आणि पाय झिजतो. आपण सगळे चालताना नकळत प्रत्येक पावलाला जमिनीचा कठीणपणा मोजत असतो; दुखलं की भार दुसऱ्या बाजूला टाकतो. तो मापक त्यांच्या पायातून गेलेला असतो. म्हणून आरोग्य खात्यामार्फत या रुग्णांना एमसीआर चपला दिल्या जातात. वर सुमारे पंधरा शोअरचा मऊ थर, खाली टणक तळ. वरचा थर याहून कडक झाला तर टाचेच्या हाडाखाली दाब साठतो आणि व्रण होतो. फारच मऊ झाला तर तो चेपून बसतो आणि पाय पुन्हा कडक तळाला टेकतो.

मी पट्टीवर ड्युरोमीटर टेकवला. काटा थोडासा उचलला आणि पंधराच्या आसपास येऊन थांबला. मराठीत डायलवरच्या सुईलाही काटा म्हणतात आणि बाभळीच्या सुईलाही. ज्या पायाला बाभळीचा काटा कळत नाही, त्याच्यासाठी हा काटा आधीच रबराला विचारून ठेवतो: तू किती दबशील?